वृद्धाश्रमांतील रात्र



घरांतील वडील माणसास वृद्धाश्रमांत ठेवावयाचें असें ठरलें म्हणजे मुलगे, मुली, सुना, जांवई असे सर्वजण मिळून आश्रम पाहावयास जातात. बहुधा रविवारची सकाळ असते. फाटकापाशीं बोगनवेल फुललेली असते, अंगणांत तुळशीवृंदावन असतें, दिवाणखान्यांत कोणी आजोबा वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतात. व्यवस्थापक अदबीनें बोलतात, चहा देतात, खोल्या दाखवितात. 'हवा किती छान आहे येथली!' असें कोणी तरी म्हणतें, दुसरें कोणी मासिक खर्च विचारतें, आणि तासाभरांत पाहणी आटोपते. ज्या जागीं आपल्या आईवडिलांचें उरलेलें आयुष्य जावयाचें, ती जागा आपण साधारणतः एवढ्याच वेळांत पारखतों. भाड्याची खोली घेतांना सुद्धां नळाला पाणी किती वाजतां येतें हें आपण विचारून घेतों; येथें तेवढीहि चौकशी होत नाहीं.

मला आज जें सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, वृद्धाश्रमाची खरी परीक्षा रविवारीं सकाळीं होत नाहीं; ती रात्रीं दोन वाजतां होते. दिवसा माणसांची वर्दळ असते, उजेड असतो, पाहुणा केव्हां येईल याचा नेम नसतो, आणि त्यामुळें काम आपोआप बरें चालतें. रात्रीं यांपैकीं कांहींच नसतें. वृद्ध शरीराच्या गरजा मात्र रात्रीं कमी होत नाहींत. किंबहुना कांहीं बाबतींत त्या वाढतात.

हें शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं. माझी मावशी ब्याऐंशी वर्षांची, तिला मूलबाळ नाहीं. तेव्हां तिच्यासाठीं आश्रम शोधण्याचें काम माझ्याकडे आलें. मींहि रविवारीं सकाळींच जाऊन एक आश्रम पाहिला आणि पसंत केला. त्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. तसे पुष्कळ आहेत. मावशी तेथें साडेतीन महिने राहिली. एके रात्रीं अडीचच्या सुमारास ती लघुशंकेसाठीं उठली, अंधारांत चांचपडत निघाली, न्हाणीघराच्या उंबऱ्याला तिचा पाय अडखळला आणि ती कुशीवर पडली. बोलावण्याची घंटा खोलींत होती. परंतु तिचें बटण दरवाजाशेजारच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर बसविलेलें होतें. तिनें हांका मारल्या. दोन मजल्यांवरील अठ्ठावीस माणसांसाठीं रात्रीच्या पाळीला एकच बाई होती, आणि ती खालच्या मजल्यावर झोंपली होती. पावणेसहा वाजतां चहा घेऊन आलेल्या मुलानें मावशीला पाहिलें. मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें होतें, आणि सव्वातीन तास ती गार फरशीवर पडून होती.

रुग्णालयांत ती मला प्रथम काय म्हणाली असेल? "अरे, त्या बाईला कांहीं बोलूं नकोस हं. ती सकाळपासून उभीच होती." मीं त्या बाईला कांहींच बोललों नाहीं. बोलावयाचें होतें तें स्वतःला. कारण घंटेचें बटण मीं त्या रविवारीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

आतां, म्हातारपणीं माणूस रात्रींच अधिक कां पडतें, याचीं कारणें पाहूं. कारण तीं कळल्यावांचून उपाय कळावयाचे नाहींत. दिवसभर पायांत उतरलेलें पाणी अंथरुणावर आडवें झाल्यावर पुन्हां रक्तांत येतें आणि मूत्रपिंडें तें रात्रीं बाहेर टाकतात. म्हणून वृद्धांना रात्रीं दोन-तीनदां उठावें लागणें हें स्वाभाविक आहे. त्यांत रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी सायंकाळीं दिलेली असली तर विचारावयासच नको. झोंपेंतून एकदम उठून उभें राहिलें कीं रक्तदाब क्षणभर खालीं येतो. तरुण शरीर तो लगेच सांवरतें, वृद्ध शरीराला तेवढी चपळाई उरलेली नसते, आणि डोळ्यांपुढें अंधेरी येते. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, मोतीबिंदु असतो, आणि उजेडांतून अंधारांत गेल्यावर दिसूं लागावयास अधिक वेळ लागतो. या सर्वांवर जर झोंपेची गोळी घेतलेली असेल, तर पाय आणि मेंदु यांचा मेळ राहत नाहीं. पुढें मग एक सुटलेलें पायपुसणें किंवा ओली फरशी एवढें पुरतें.

उपाय याच कारणांत दडलेले आहेत आणि त्यांपैकीं पुष्कळसे अगदीं स्वस्त आहेत. पलंग इतका ठेंगणा असावा कीं कांठावर बसलें असतां दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकावे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा, आणि तो पायांपाशीं असावा, डोळ्यांवर येणारा नसावा. उंबरा नसावा, असल्यास त्याच्या कडेला उठून दिसेल असा पांढरा किंवा पिवळा पट्टा ओढावा. भिंतीला धरावयास भक्कम दांडी असावी. साबण ठेवण्याच्या फळीला धरून उठण्याची संवय आपल्या घरोघरीं आहे, आणि ती फळी केव्हां निखळेल याचा भरंवसा नसतो. घंटेचें बटण दोरीनें उशाशीं बांधलेलें असावें. शिवाय न्हाणीघरांत एक दोरी जमिनीपर्यंत लोंबती असावी, म्हणजे पडलेल्या माणसालाहि ती ओढतां येईल. उठण्यापूर्वीं पलंगाच्या कांठावर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटें बसण्याची संवय लावावी. लघवीची गोळी सकाळीं देतां येईल काय हें डॉक्टरांस विचारावें. यांतील एकाहि गोष्टीला बागेइतका खर्च येत नाहीं. पण बाग फाटकांतून दिसते आणि न्हाणीघरांतील दोरी दिसत नाहीं, एवढाच फरक.

पडण्यापेक्षांहि पडून राहणें हें घातक असतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तास-दीड तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धाच्या दबलेल्या स्नायूंचा ऱ्हास सुरू होतो, त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडांवर ताण पडतो, अंग गार पडतें, दाबल्या गेलेल्या कातडीला व्रण होतो. हाड मोडलेलें नसलें तरीहि हें सर्व घडतें. म्हणून 'तुमच्याकडे कोणी पडूं नये यासाठीं काय करतां?' या प्रश्नाच्या जोडीला 'कोणी पडलेंच तर तुम्हांला किती वेळांत कळेल?' हाहि प्रश्न विचारलाच पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना पुष्कळ व्यवस्थापक अडखळतात. रात्रीं दर दोन तासांनीं फेरी होते काय, फेरी करणारी व्यक्ति कोण, आणि ती फेरी झाल्याची नोंद कोठें असते? उत्तर नोंदवही उघडून मिळत असेल तर ठीक. नुसतें तोंडी मिळत असेल तर तें उत्तर नव्हे.

नोंदवहीचा विषय निघाला आहे तर थोडें अधिक सांगतों. 'आमच्या येथें आजवर कोणी पडलेलेंच नाहीं' असें एका गृहस्थांनीं मला मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें वार्धक्यांतील पडण्यासंबंधीं २००७ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्याप्रमाणें पासष्टीच्या पुढील माणसांपैकीं शेंकडा २८ ते ३५ माणसें दर वर्षीं पडतात, आणि दीर्घकाळ शुश्रूषेच्या संस्थांत राहणाऱ्यांत तर हें प्रमाण शेंकडा ३० ते ५० आहे. म्हणजे चाळीस माणसांच्या आश्रमांत वर्षाकांठीं बारा ते वीस जण पडणें हें अपेक्षितच होय. जेथें एकहि पडत नाहीं तेथें तीनच गोष्टी संभवतात. एक, तेथील सर्व माणसें चांगलीं धडधाकट आहेत. दोन, पडलेल्यांची नोंद होत नाहीं. आणि तीन, माणसांना उठूंच दिलें जात नाहीं. तिसरी शक्यता सर्वांत वाईट.

कमरेभोंवतीं चादर गुंडाळून ती खुर्चीच्या पाठीशीं बांधलेली, पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर ओढलेले, किंवा हात कापडी पट्टीनें पलंगाला अडकवलेला, असें दृश्य ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें नव्यानें सांगावयास नको. 'आजी पडतील म्हणून' असें कारण दिलें जातें, आणि तें पुष्कळदां प्रामाणिकपणानें दिलेलें असतें. परंतु तें कारण खरें ठरत नाहीं. अमेरिकेंत मेरी टिनेटी व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं शुश्रूषागृहांतील वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. न बांधलेल्यांपैकीं शेंकडा ५ जणांना पडून गंभीर इजा झाली होती, तर बांधलेल्यांपैकीं शेंकडा १७ जणांना. बांधलेलीं माणसें मुळांतच अधिक दुर्बळ असणार, अशी शंका येथें सहज येईल. पण ती दुर्बळता हिशेबांत धरूनहि बांधणें आणि इजा होणें यांचा संबंध उरलाच. कारण उघड आहे. बांधलेलें माणूस धडपडतें. कठडा ओलांडूं पाहतें आणि दीड हाताऐवजीं अडीच हात उंचीवरून पडतें. आणि दिवसचे दिवस जखडून ठेवल्यानें त्याच्या पायांत जी थोडीफार शक्ति असते तीहि जाते. अमेरिकेनें १९८७ सालीं कायदा करून औषधोपचाराच्या गरजेवांचून, केवळ शिस्तीसाठीं किंवा नोकरांच्या सोयीसाठीं, बांधून न ठेवले जाण्याचा हक्क शुश्रूषागृहांतील रहिवाशांना दिला. त्यानंतर तेथें बांधण्याची चाल झपाट्यानें कमी झाली.

दोरीनें बांधणें दिसतें तरी; गोळीनें बांधणें दिसत नाहीं. रात्रीं आरडाओरड करणाऱ्या, उठून फिरणाऱ्या वृद्धाला झोंपेचें किंवा मन सुन्न करणारें औषध दिलें कीं सर्वत्र शांतता होते, आणि सकाळीं आलेल्या मुलाला 'रात्र शांत गेली' असें सांगतां येतें. ही शांतता फार महाग पडते. वृद्धांच्या यकृतांतून आणि मूत्रपिंडांतून औषध सावकाश बाहेर पडत असल्यामुळें रात्रीची गुंगी दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत टिकते. माणूस तोल जाऊन पडतें, जेवतांना ठसका लागतो, दिवसरात्रीचें भान हरपतें. मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं, वृद्धांना शक्यतों देऊं नयेत अशा औषधांची यादी तयार केली, ती मुळांत शुश्रूषागृहांतील रहिवाशांसाठींच होती. पुढें ती वेळोवेळीं सुधारण्यांत आली आणि आजहि डॉक्टर लोक तिचा आधार घेतात. आपण डॉक्टर नाहीं. तेव्हां कोणतें औषध चांगलें, कोणतें वाईट, यांत आपण पडूं नये. पण 'आईला सध्यां कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, प्रत्येक कशासाठीं आहे, आणि शेवटीं कोणत्या डॉक्टरांनीं हा कागद पाहिला?' हें विचारण्याचा आपला अधिकार आहे.

शिवाय, रात्रीं बरळणारें म्हातारें माणूस प्रत्येक वेळीं 'भ्रमिष्ट' झालेलें असतें असें मुळींच नाहीं. काल-परवांपर्यंत नीट बोलणाऱ्या माणसाला एकाएकीं वात झाल्यासारखा भ्रम झाला, तर तो बहुधा कसल्या तरी आजाराचा निरोप असतो: लघवींतील जंतुदोष, छातींतील कफ, बद्धकोष्ठ, नवें औषध, किंवा केवळ पाण्याची कमतरता. हें पाण्याचें प्रकरण फार साधें आणि फार दुर्लक्षित आहे. रात्रीं उठावें लागूं नये, मदतीला कोणाला बोलवावें लागूं नये, म्हणून वृद्ध माणसें दुपारी चारनंतर पाणी पिणेंच सोडतात. कोणी त्यांना सांगितलेलें नसतें. त्यांनीं स्वतःच हा तोडगा काढलेला असतो. जेथें रात्रीं घंटा वाजविली असतां कोणी तरी कपाळाला आठी न घालतां येतें, तेथें माणसें संध्याकाळीं पाणी पितात. पाण्याच्या तांब्यावरून आश्रमाची रात्र ओळखतां येते, ती अशी.

जेवणाच्या वेळाहि एकदां मोजून पाहाव्या. स्वयंपाकी लौकर घरीं जावा म्हणून पुष्कळ ठिकाणीं सायंकाळीं साडेसहाला पानें वाढतात, आणि सकाळचा चहा साडेसहाला; म्हणजे मध्यें पुरे बारा तास पोटांत कांहीं नाहीं. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्या माणसाची रक्तांतील साखर पहाटे किती खालीं जाईल याचा विचार केला तर रात्रीं नऊ वाजतां एक पेलाभर दूध देणें ही चैन नव्हे, हें पटेल.

जें माणूस स्वतः कूस बदलूं शकत नाहीं त्याच्या बाबतींत तर रात्रीचा प्रत्येक तास मोलाचा असतो. हाड आणि गादी यांच्यामध्यें सांपडलेल्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो. माकडहाड, खुबे आणि टांचा येथें प्रथम लाली येते, मग फोड, मग खोल व्रण. तो भरून यावयास महिने लागतात, आणि कित्येकदां तो भरतच नाहीं. दर दोन तासांनीं कूस बदलावी हा शुश्रूषेचा जुना परिपाठ आहे, आणि रात्र दहा तासांची असते. ब्रिटनमध्यें डोरीन नॉर्टन या परिचारिकेनें वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ सालीं एक सोपें कोष्टक दिलें. शरीराची स्थिति, मनाची स्थिति, हिंडणें-फिरणें, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, या पांच गोष्टींना प्रत्येकीं एक ते चार गुण द्यावयाचे. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली तर त्या माणसाला व्रणाचा धोका आहे असें समजावयाचें. यासाठीं यंत्र नको, रक्ततपासणी नको. कागद, पेन्सिल आणि माणसाकडे पाहण्याची पांच मिनिटें लागतात. भेटीला गेल्यावर आईच्या टांचा पाहाव्या. पांघरूण बाजूला करून टांचा पाहणें कांहींजणांना संकोचाचें वाटतें. पण व्यवस्थापकांच्या गोड बोलण्यापेक्षां त्या टांचा अधिक खरें बोलतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपलें लक्ष मुळींच जात नाहीं, ती म्हणजे कुलूप. चोरांचें भय, आणि स्मृति गेलेलीं माणसें रस्त्यावर भटकतील हें भय, यांमुळें रात्रीं जाळीच्या दरवाजाला कुलूप लागतें. दोन्ही भयें खरीं आहेत. पण ती किल्ली कोणापाशीं असते? रात्रीं एकच बाई असून ती वरच्या मजल्यावर असली, आणि खालीं स्वयंपाकघरांत किंवा विजेच्या खोक्यांत आग लागली, तर दार कोण उघडणार? ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहाटे तामिळनाडूंतील एरवाडी येथें मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. तेथील माणसांना सांखळ्यांनीं जखडून ठेवलेलें होतें, आणि पंचवीसहून अधिक जण बसल्या जागीं जळून गेले. तो वृद्धाश्रम नव्हता, हें खरें. पण बांधलेलें माणूस आणि कुलूपबंद दार एकत्र आलीं म्हणजे आग त्यांच्या वयाची चौकशी करीत नाहीं. आश्रम पाहावयास गेल्यावर दुसरा जिना कोठें आहे, त्यावर धान्याचीं पोतीं आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या तर नाहींत ना, आणि ज्यांना चालतां येत नाहीं त्यांच्या खोल्या कोणत्या मजल्यावर आहेत, एवढें तरी पाहून यावें.

हें सर्व करावयाचें कोणी? येथें आपण त्या रात्रपाळीच्या बाईकडे येतों. आश्रमांत तिला सर्वजण 'मावशी' म्हणतात. तिचें खरें नांव पुष्कळांना ठाऊकहि नसतें. ती बहुधा खेड्यांतून आलेली असते, बारा तासांची पाळी करते, वजनदार माणसें उचलून तिची स्वतःची कंबर धरलेली असते. तिला कोणीं शिकविलेलें नसतें. आधींच्या बाईला जसें करतांना पाहिलें तसें ती करते. अठ्ठावीस माणसांना एकटीनें दर दोन तासांनीं पाहणें, त्यांतील पांच-सहांची कूस बदलणें, तिघांचे ओले कपडे बदलणें, आणि पहाटे सर्वांच्या आंघोळीचें पाणी तापविणें, हें गणित कोणत्याहि प्रामाणिक माणसाला सुटणारें नाहीं. मग ती आपल्यापरीनें सोडविते: दोन फेऱ्या गाळते, आणि दिवसपाळी येण्यापूर्वीं काम उरकावें म्हणून चार वाजतां थंडींत माणसांना उठवून आंघोळी घालते. दोष तिचा असा यांत फार थोडा असतो. माझ्या मावशीनें तिला बोलूं नकोस असें जें सांगितलें तें तिच्या चांगुलपणामुळें असेल, पण तें अचूकहि होतें. दोन पाळ्यांऐवजीं तीन पाळ्या असाव्या, रात्रीं प्रत्येक मजल्यावर एक जागी व्यक्ति असावी, तिला माणूस उचलण्याची रीत शिकविलेली असावी, आणि तिला वेळेवर पगार मिळावा, या गोष्टींना पैसा लागतो. मासिक खर्च विचारतांना आपण तो कमी किती याकडे पाहतों. त्यांतील किती रक्कम रात्रीच्या माणसांवर खर्च होते हें विचारीत नाहीं.

कायद्याचा आधार काय, असें कोणी विचारील. वृद्ध व निराधार माणसांसाठीं संस्था असणें ही आपल्याकडे अगदींच नवी गोष्ट नाहीं. पुण्याचें डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह, ज्याला आज आपण 'निवारा' म्हणून ओळखतों, तें एकोणिसाव्या शतकापासूनचें आहे. पण त्या काळीं अशा ठिकाणीं ज्यांना कोणीच नाहीं तीं माणसें जात. आज ज्यांचीं मुलें परगांवीं किंवा परदेशीं आहेत, ज्यांच्यापाशीं पैसा आहे, तींहि जातात. २०११ च्या जनगणनेंत साठीच्या पुढील माणसांची संख्या देशांत सुमारें १० कोटि ३८ लक्ष भरली. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारांनीं टप्प्याटप्प्यानें काढावा, आणि अशा आश्रमांतील सोयींचे निकष ठरवावे, असें म्हटलें आहे. खाजगी आश्रमांची नोंदणी सक्तीची करावी आणि त्यांना किमान निकष लावावे असें कलम असलेलें दुरुस्ती विधेयक २०१९ सालीं लोकसभेंत मांडलें गेलें. पण त्या लोकसभेच्या मुदतींत तें संमत झालें नाहीं. सरकारी तपासनीस आपल्या वतीनें रात्रीं दोन वाजतां जाऊन पाहील, अशा भरंवशावर कोणी राहूं नये. निदान पहिले कांहीं महिने तरी आपणच वेळीं-अवेळीं, रात्रीं दहाला किंवा पहाटे पांचला, अगाऊ न कळवितां जाऊन यावें. अशा भेटीला ज्या आश्रमाची हरकत असेल, त्याची हरकत हेंच उत्तर समजावें.

येथें एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. आश्रमांतील वृद्ध माणूस तक्रार करीत नाहीं. ज्या हातांनीं उद्यां सकाळीं आपल्याला आंघोळ घालावयाची आहे, त्या हातांविरुद्ध आज बोलावें कसें? मुलाला सांगावें तर त्याला परत घरीं नेण्याची गळ घातल्यासारखें होईल, हीहि भीति असते. 'कशी आहेस?' या प्रश्नाला 'छान आहे, तूं काळजी करूं नकोस' हें एकच उत्तर असतें. म्हणून हा प्रश्नच विचारूं नये. त्याऐवजीं 'काल रात्रीं किती वेळां उठलीस? कोण आलें होतें? किती वेळानें आलें?' असें विचारावें, आणि तेंहि दार लोटून घेऊन, एकांतांत. नेमक्या प्रश्नाला माणूस नेमकें उत्तर देतें.

मावशीची शस्त्रक्रिया झाल्यावर मीं दुसरी जागा शोधली. या वेळीं सायंकाळीं सातनंतर गेलों. घर जुनें होतें, बाग नव्हती, भिंतींचा रंग कांहीं ठिकाणीं उडालेला होता. पण सोळा माणसांना रात्रीच्या दोन बाया होत्या, आणि मीं पडण्याविषयीं विचारतांच व्यवस्थापिकाबाईंनीं कपाटांतून एक लांबट वही काढून माझ्यापुढें ठेवली. 'गेल्या महिन्यांत तिघें पडलीं,' त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक जण कोठें पडला, किती वाजतां पडला, त्यानंतर त्या खोलींत काय बदललें, हें त्यांनीं बोट ठेवून दाखविलें. एका खोलींतील पलंगाचे पाय चार बोटें कापले होते. त्याच आठवड्यांत मावशीला तेथें नेलें.

तेथें ती दोन वर्षें आठ महिने होती. पूर्वींच्या जागीं साडेतीन महिन्यांत तिनें एक अक्षराची तक्रार केली नव्हती. येथें आल्यावर महिन्याभरांत ती म्हणूं लागली कीं चहा पातळ असतो, शेजारच्या बाईंचा रेडिओ मोठ्यानें लागतो, आणि रात्रीं येणारी ती उंच मुलगी उगीच दोनदां दोनदां येऊन 'आजी, उठायचं आहे का?' म्हणून झोंपमोड करते. चहाचें मीं व्यवस्थापिकाबाईंच्या कानांवर घातलें.